स्कर्टचा घेर खाली वाकडा दिसतो, पण तो बिघडतो कमरेत आणि कापडात

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही सोलापुरातच राहता आणि नोकरी करता. तयार स्कर्ट कमरेला बसला तर सीटवर तंग होतो आणि सीटवर बसला तर कमरेत ढगळ होतो, म्हणून सासूबाईंच्या जुन्या पायमशीनवर तुम्ही स्वतःच शिवायला बसलात. आतापर्यंत दोन स्कर्ट झाले. दोन्हींचा घेर एका बाजूला लोंबतो, पुढून स्कर्ट वर उचलला जातो, पहिल्या धुण्यानंतर दोन्ही आखूड झाले, आणि खालची कड सरळ करण्यासाठी तुम्ही ती दोन वेळा कापली तरी ती सरळ झाली नाही. आता मोटारची नवी मशीन घ्यावी की शिवणक्लास लावावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी ३२ वर्षे शिवणकाम करते. त्यातली पहिली ११ वर्षे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात गेली आणि त्यानंतर घरीच परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि स्कर्ट शिवत आले आहे. तुमचे स्कर्ट मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, त्यामुळे कोणत्या दोषाचा वाटा किती हे इथे बसून ठामपणे सांगता येणार नाही; ते तुमच्या अंगलटीवर आणि तुम्ही घेतलेल्या कापडावर अवलंबून आहे. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही मशीनमुळे होत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते. मशीन बिघडली तर टीप सुटते, दोरा तुटतो, खालच्या बाजूला दोऱ्याचे वेटोळे येतात. स्कर्ट एका बाजूला लोंबणे, पुढून उचलला जाणे आणि धुतल्यावर आखूड होणे हे दोष कापड कापण्याच्या आधीच ठरून गेलेले असतात. म्हणून तुमचा खरा प्रश्न शिवण्याचा नसून कापड बेतण्याचा, म्हणजे मापे टाकून कापण्याचा आहे, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. मशीन आत्ता घेऊ नका.

आखूड होण्याची गोष्ट सर्वांत सोपी आहे, म्हणून ती आधी सांगते. कापडाला दोन दिशा असतात. काठाला समांतर जाणारा उभा धागा म्हणजे ताणा, आणि या काठापासून त्या काठापर्यंत जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात माग आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. मागावर ताणा सतत ओढलेला असतो, आणि कापड विणून झाल्यावरही तो ताण धाग्यात राहतो. कापड पाण्यात पडले की धागा सैल होऊन आपल्या मूळ लांबीवर येऊ पाहतो, म्हणून सुती कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. नव्या सुती कापडाने १०० इंचांमागे ३ ते ५ इंच आटणे यात काही वावगे नाही. म्हणजे ३२ इंचांचा स्कर्ट पहिल्याच धुण्यात इंच-दीड इंच वर जाऊ शकतो.

हे मी फार कडू अनुभवातून शिकले. कारखान्यात माझे दुसरे वर्ष होते आणि एका शाळेचे सुती स्कर्ट जूनच्या आधी द्यायचे होते. वेळ नव्हता म्हणून ताग्यातून काढलेले कापड न भिजवताच थर लावून कापले गेले. पहिल्या पावसाळी आठवड्यातच पालक तक्रार घेऊन आले, आणि स्कर्टची खालची दुमड इंचभरच ठेवलेली असल्यामुळे ती उसवून लांबी वाढवण्यालाही जागा उरली नव्हती. लहान मुलींच्या हातात तो आखूड झालेला गणवेश पाहून मला जे वाटले ते मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून न भिजवलेल्या सुती कापडाला मी कात्री लावत नाही आणि मुलांच्या कपड्यांना अडीच इंचांपेक्षा कमी दुमड ठेवत नाही.

तुम्हीही कापड आणल्यावर ते साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, न पिळता निथळू द्या आणि सावलीत वाळवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरात असेल नसेल ते सर्व नवे कापड मी एकदमच भिजवते. गडद रंगाचे मात्र वेगळ्या बादलीत भिजवावे. किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी आणि इस्त्री घासण्याऐवजी उचलून ठेवत जावी, कारण ओले कापड घासले की ते पुन्हा ताणले जाते आणि भिजवण्याचे श्रम वाया जातात.

आता एका बाजूला लोंबण्याकडे येते. एखादा साधा चौकोनी सुती रुमाल हातात घ्या. तो काठाच्या दिशेने ओढून पाहा, जवळजवळ ताणला जाणार नाही. आडवा ओढा, किंचित ताणला जाईल. मग समोरासमोरची दोन टोके धरून तिरका ओढा, तो लगेच लांब होईल आणि मध्ये त्याची खोळ पडेल. या तिरक्या दिशेला आपण उरेब म्हणतो. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ती याच गुणामुळे, कारण तिला वळायचे असते. पण स्कर्टचा एखादा भाग नकळत उरेब कापला गेला, तर तो स्वतःच्या वजनाने दिवसेंदिवस खाली येत राहतो. तुम्ही खालची कड दोनदा कापलीत तरी ती पुन्हा वाकडी झाली, याचे कारण बहुधा हेच आहे. कापलीत तेव्हा ती सरळ होती, पण त्यानंतर कापड आणखी उतरले.

कापड नकळत तिरके कसे कापले जाते, हेही पाहिले पाहिजे. दुकानात कापड मोजून कात्रीने कापतात, पण ती कात्री एकाच आडव्या धाग्यावरून जाईल असे नसते. बऱ्याचदा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाताना ती दीड-दोन इंच सरकलेली असते. त्या कापलेल्या कडेला सरळ मानून तुम्ही कापडाची घडी घातली आणि त्या घडीवर मापे टाकली, तर सगळे मापाबरहुकूम असूनही स्कर्ट तिरका होणार. म्हणून कापडाची कड आधी धाग्यावर आणावी. काठाजवळ अर्ध्या इंचाची चीर द्या, तिथून दिसणाऱ्या आडव्या धाग्यांपैकी एकच धागा सुईच्या टोकाने उचला आणि चिमटीत धरून हळूहळू ओढा. कापड त्या धाग्यावर चुणत जाईल. चुण्या दुसऱ्या हाताने पुढे सरकवत राहा. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापून घ्या आणि तुटलेले टोक शोधून पुन्हा ओढा. तो पूर्ण निघाला की कापडावर केसाएवढी बारीक, सरळ फट दिसते. कात्री त्या फटीवरून चालवा. हे काम डोळ्यांवर ताण देणारे आहे, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात दुसरे काहीही करू देत नाही, कारण ज्या हाताने एकदा धागा ओढून पाहिला तो हात पुढे आयुष्यभर कापडाची दिशा विसरत नाही.

कड धाग्यावर आल्यानंतर काठाला काठ लावून घडी घाला. चारही कोपरे जुळले नाहीत तर ज्या दोन टोकांमधले अंतर कमी पडते आहे, ती टोके दोघींनी मिळून तिरकी ओढावीत आणि कापड पुन्हा सपाट करून पाहावे. शुद्ध सुती कापड ओलसर असताना असे जागेवर येते. टेरिकॉटसारखे मिश्र कापड गिरणीत एकदा वाकडे बसले की ते ओढून सरळ होत नाही. म्हणून सुरुवातीला ते घेऊच नये.

याला जोडून कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा उभ्या तुकड्यांचा, एक नियम आहे. घेरदार स्कर्ट कळ्यांचा असेल आणि कापड वाचवण्यासाठी आयताला तिरकी कात्री लावून दोन कळ्या काढल्या असतील, तर प्रत्येक कळीला एक बाजू सरळ आणि एक बाजू तिरकी येते. अशा वेळी जोडताना सरळ बाजूला तिरकी बाजूच लावावी. दोन तिरक्या बाजू एकत्र आल्या की ती शिवण हमखास लोंबते, आणि तुमची एकच बाजू लोंबते आहे हे वाचल्याबरोबर माझ्या मनात हीच शंका आली. स्कर्ट उलटा करून त्या शिवणीतले धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहिलेत तर तुम्हाला उत्तर मिळेल.

तिसरी तक्रार पुढून उचलला जाण्याची, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. बहुतेक जणी कमरेचा घेर, सीटचा घेर आणि उंची अशी तीनच मापे घेतात. उंची एकच घ्यायची म्हणजे कंबर ही जमिनीला समांतर, सपाट रेघ आहे असे गृहीत धरायचे. तशी कंबर मी ३२ वर्षांत फारच थोड्या जणींची पाहिली. पुढे पोट असले की कापडाला त्यावरून जाण्यासाठी जास्त लांबी लागते. ती दिली नाही की ते खालून ओढून घेते आणि पुढचा घेर वर जातो. मागे कमरेत खळगा असला की तिथे कापड जास्त होते आणि पट्टीच्या खाली फुगा येतो. बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर हा फरक वाढतो, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. तो मापात धरायचा असतो, इतकेच.

माप असे घ्या. कमरेला एक साधी नाडी न आवळता बांधा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोनदा वाका, म्हणजे नाडी सरकून आपल्या जागी बसेल. सरळ उभ्या राहा, मान खाली घालू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्या नाडीपासून जमिनीपर्यंत चार ठिकाणी माप घ्यायला सांगा: पुढे मध्यावर, मागे मध्यावर, उजव्या बाजूवर आणि डाव्या बाजूवर. हे स्वतःचे स्वतः घेता येत नाही, कारण वाकल्याबरोबर माप बदलते. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका बाईंची मापे पुढे साडेचाळीस, मागे साडेएकोणचाळीस, उजवीकडे ४० आणि डावीकडे साडेचाळीस इंच अशी आहेत. पुढच्या आणि मागच्या मापात अख्खा एक इंच फरक आहे. त्यांना वर्षानुवर्षे वाटत होते की शिंपी नीट शिवत नाहीत. प्रत्यक्षात त्यांचे हे माप कुणी घेतलेच नव्हते.

हा फरक कमरेत द्यायचा असतो, खाली नाही. पुढे एक इंच जास्त हवा असेल तर पुढच्या भागाच्या मधोमध वरच्या बाजूला तो ठेवायचा आणि बाजूच्या शिवणीपर्यंत हळूहळू उतरवत न्यायचा. मागे जास्त होत असेल तर मागचा मध्य वरून तेवढा खोल कापायचा. अर्धा इंच तर बहुतेक सर्वांनाच लागतो. असे केले की खालची कड आपोआप सरळ राहते. तुम्ही पुढे कमी पडलेली लांबी भरून काढण्यासाठी मागचा आणि बाजूचा घेर खालून कापला, त्यामुळे स्कर्ट आखूड झाला, पण बाजूच्या शिवणी पुढे ओढलेल्याच राहिल्या.

इथपर्यंतचे पटले असेल तर पुढचा स्कर्ट शिवूच नका. आधी एक परकर शिवा. सहा कळ्यांचा परकर हा आपल्याकडचा मूळ स्कर्टच आहे, आणि शिकणाऱ्या हाताला त्याच्याइतका क्षमाशील कपडा दुसरा नाही. कंबर नाडीने आवळली जात असल्यामुळे तिथली चूक झाकली जाते, पण सीटवर तो कसा बसतो, खाली कसा पडतो आणि पुढे उचलतो की नाही हे सगळे त्यात स्पष्ट दिसते. तो बिघडला तरी साडीच्या आत चालतो. तुम्ही साडी नेसत नसाल तर जुन्या चादरीचा शिवा. विरलेल्या चादरीचे कापड पुरेसे आटलेले असते आणि त्यावर कात्री चालवताना हात थरथरत नाही.

मापाचे एक उदाहरण देते, त्यात तुमचे आकडे घाला. कंबर ३०, सीट ३८ आणि तयार उंची ३२ इंच धरू. कमरेत एक इंच सैल धरून ३१, त्याचे सहा भाग केले की सव्वापाच इंच, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, धरून कळीचा वरचा भाग सव्वासहा इंच. सीट कमरेखाली साधारण ८ इंचांवर येते. तिथे दोन इंच सैल धरून ४०, म्हणजे कळीमागे पावणेसात आणि मायेसह पावणेआठ इंच. खालचा भाग मायेसह १३ इंच ठेवला तर पूर्ण घेर ७२ इंच होतो, त्यात चालता येते आणि दुचाकीवर बसताही येते. उंचीत वर दीड इंच आणि खाली अडीच इंच मिळवा, म्हणजे कळीची लांबी ३६ इंच झाली. दोन बाजू सरळ रेघेने जोडल्यात की सीटच्या जागी कळी आपोआप आठ इंचांच्या आसपास येते, म्हणजे तिथे कमी पडण्याची भीती राहत नाही. ज्यांची सीट कमरेपेक्षा १० इंचांहून अधिक मोठी आहे, त्यांनी मात्र ही जागा वेगळी मोजून बाजूला किंचित गोलाई द्यावी. कळीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ मारा आणि ती उभ्या धाग्यावर, म्हणजे काठाला समांतर ठेवा. मग दोन्ही बाजू सारख्याच, थोड्याथोड्या तिरक्या होतात, एखादीच शिवण लोंबत नाही आणि सरळ-तिरक्याचा प्रश्नच राहत नाही.

कापड किती लागेल हे पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, ठरते. ४४ इंच पन्ह्यात कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा लावल्या की ३६ इंचांत चार बसतात. उरलेल्या दोन कळ्यांसाठी आणखी ३६ इंच लागतात, आणि त्यात कळ्यांशेजारी जो वीसेक इंचांचा तुकडा राहतो त्यातून नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी, आणि खिसे निघतात. आटण्याचा हिशेब धरून सव्वादोन मीटर घ्या. ५८ इंच पन्ह्याचे कापड घेतले की निम्म्यात काम होईल असे वाटते, पण या मापाच्या कळ्या त्यात पाचच बसतात आणि सहावीसाठी पुन्हा कापड लागते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कळीचा कागद कापून जमिनीवर मांडून पाहावा. कापडावरची नक्षी एकाच दिशेने वर जाणारी असेल तर उलटसुलट मांडणी चालत नाही, तेव्हा पहिल्या कामाला साधे किंवा बारीक बुट्ट्यांचे कापड घ्या.

कळ्या मशीनवर जोडण्याआधी हाताने कच्चा धावदोरा घालून जोडा, आणि एका शिवणीत वरून सहा-सात इंच उघडे ठेवा, नाहीतर तो सीटवरून चढणार नाही. वरच्या कडेपासून साडेनऊ इंचांवर, सर्व कळ्यांवरून फिरणारा एक लाल धावदोरा घाला. ही तुमची सीटची रेघ. परकर अंगावर चढवा, कमरेला नाडी बांधा आणि आरशासमोर उभ्या राहून तो नाडीखालून थोडा थोडा वर-खाली करा, जोपर्यंत तो लाल दोरा पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी जमिनीला समांतर दिसत नाही. मग नाडीच्या खालच्या कडेने सगळीकडे खडूने रेघ मारून घ्या. परकर काढून अंथरलात की ती रेघ सरळ नाही, पुढे चढलेली आणि मागे उतरलेली आहे असे दिसेल. ती वाकडी रेघ हीच तुमची खरी कंबर आहे. ती कागदावर उतरवून ठेवा. तो कागद तुमच्या पुढच्या प्रत्येक स्कर्टला लागणार आहे.

शिवताना दोन गोष्टी सांभाळा. कळ्या नेहमी खालच्या घेराकडून कमरेकडे, म्हणजे रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे जोडाव्यात, म्हणजे तिरकी कड ताणली जात नाही. आणि दोन कडांपैकी एक सरळ व एक तिरकी असेल तर तिरकी खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवावी. दाते खालचे कापड किंचित जास्त ओढून घेतात, त्यामुळे सैल पडणारी कड आपोआप सामावते. पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक या सुती कापडांना १४ नंबरची सुई आणि इंचाला १० ते १२ टाके पुरेसे आहेत. कडा सुटू नयेत म्हणून पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून आणता येते. मला स्वतःला सुती कापडावर फ्रेंच शिवण आवडते: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप घालायची, कडा कातरून घ्यायच्या, मग उलटवून पुन्हा टीप घालायची, की सगळे दोरे आत बंद होतात. उन्हाळ्यात घामाने ओल्या झालेल्या अंगाला ती टोचत नाही.

नेफ्याची किंवा स्कर्टच्या कमरेची पट्टी उभ्या धाग्यावर कापा, कारण ती ताणली जाता कामा नये. इलास्टिकचा स्कर्ट सोपा असतो असे तुम्हाला अनेकांनी सांगितले असेल. तो एका संध्याकाळी होतो हे खरे आहे. वरचा घेर सीटपेक्षा दोन इंच मोठा ठेवायचा आणि इलास्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी घ्यायचे, की झाले. पण त्यात कमरेची रेघ सरळच कापली तर तोही पुढून उचलला जाईल, फक्त चुण्यांमुळे ते थोडे कमी दिसेल.

शेवटची दुमड घाईने घालू नका. कमरेची पट्टी लावून झाली की स्कर्ट किमान एक रात्र, आणि गोल घेराचा असेल तर पूर्ण २४ तास, खुंटीला टांगून ठेवा. तिरक्या जागा जेवढ्या उतरायच्या तेवढ्या उतरू द्या. त्यानंतर तो घालून स्टुलावर उभ्या राहा आणि स्टुलाच्या फळीवर लाकडी पट्टी उभी धरून कुणाला तरी सभोवार एकाच उंचीवर खडूच्या खुणा करायला सांगा. स्वतः वळू नका. पट्टी धरणाऱ्याने फिरावे. माझ्या घरी हे काम मुलगी सातवीत असल्यापासून करते, आणि तिच्या खुणा माझ्यापेक्षा नेमक्या असतात.

आता तुमच्या मूळ दोन प्रश्नांकडे वळते. पायमशीन शिकायला उत्तम, कारण वेग पायात राहतो आणि वळणावर एक-एक टाका घालता येतो. तिला तेल द्या, पट्टा सैल असेल तर तोडून छोटा करून घ्या, सुई बदला, बॉबिनच्या पेटीतली दोऱ्याची धूळ काढा. दोऱ्याचे वेटोळे खाली येत असतील तर वरचा दोरा काढून पुन्हा ओवून पाहा. बहुतेक वेळा तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. पुढे हौस वाढली तर याच मशीनला मोटार बसवता येते. नवी झिगझॅगची मशीन तेव्हा घ्या, जेव्हा तुम्हाला टी-शर्टसारखे ताणणारे कापड शिवायचे असेल. क्लासचे म्हणाल, तर तो तुमच्या वेळेवर आणि शिकवणाऱ्या बाईंवर अवलंबून आहे. शिवणकाम हा व्यवसाय करायचा असेल तर आयटीआयचा वर्षभराचा अभ्यासक्रम चांगला. स्वतःच्या दोन-चार कपड्यांसाठी तेवढ्याची गरज नाही. पण कापड बेतण्याऐवजी तयार कागदी कटिंगवरून सरळ मशीनवर बसवणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका.

कापडाबद्दल थोडेसे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा स्कर्टला सुतीशिवाय दुसरे कापड मी सुचवणार नाही. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत गेलात तर पॉपलिन आणि कॅम्ब्रिक मागा, आणि कापड उजेडाकडे धरून पाहा. विणीतून उजेड जितका कमी येईल तितके ते स्कर्टला बरे, म्हणजे अस्तर लावावे लागत नाही. रेयॉन अंगावर सुंदर पडते, पण कापताना हातातून सरकते आणि खूप आटते, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या स्कर्टसाठी राखून ठेवा. सोलापुरी चादरीचा स्कर्ट शिवायची हौस अनेक मुलींना असते. ते कापड जाड असल्यामुळे त्याला चुण्या घालू नयेत. कळ्यांचाच शिवावा, सुई १६ किंवा १८ नंबरची घ्यावी, आणि कमरेची पट्टी मात्र पातळ सुती कापडाची लावावी. इरकल किंवा खण यांचा काठ खाली घेरात हवा असेल तर कळ्या कापता येत नाहीत, कारण काठ सरळ असतो; तिथे दोन-अडीच पट कापड घेऊन सरळ चुणीदार स्कर्टच करावा, आणि त्यात तर पुढे-मागेचा सगळा फरक कमरेतच द्यावा लागतो, कारण खाली कात्री लावण्याची सोयच नसते.

स्कर्ट जमला की त्यापुढे पायजमा घ्या, मग बाहीशिवायचा सैल कुर्ता. बाहीचा मुंढा हे वेगळे प्रकरण आहे, त्यासाठी घाई नको. घरात तान्हे बाळ असेल तर मधल्या काळात झबली शिवा, त्यात उरेब पट्टी लावण्याचा सराव होतो.

परकराचा कच्चा धावदोरा घालून झाला की नाडीपासून जमिनीपर्यंतची तुमची चार मापे, कापडाचा पन्हा आणि खडूची रेघ पुढे व मागे किती इंच सरकली ते लिहून कळवा. तेवढ्यावरून पहिल्या खऱ्या स्कर्टची कमर कशी कापायची हे मी तुम्हाला आकड्यांनिशी सांगू शकेन.